मामाच्या बेस गिटारला स्ट्रॅप लॉक (पट्टा बटणावरून सुटू नये म्हणून लावतात ते) लावायचेत, कुठले घेऊ? नवरात्रीच्या आधी मदत हवीय

खर्ज_ऐरोली

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच विचारतोय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

परवा रविवारी ठाण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्यानंतर पेडलचा नॉब फिरवायला खाली वाकलो, वाकल्यावर पट्टा सैल पडला असणार, आणि उठलो तर वरच्या हॉर्नच्या (बॉडीचं नेककडे आलेलं शिंगासारखं टोक) बटणावरून तो सटकलेला. डावा हात नेकवर होता म्हणून बेस पूर्ण खाली गेला नाही पण बॉडीचा खालचा कोपरा स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरच्या कडेवर आपटला आणि जॅकच्या बाजूला नखाएवढा रंग उडून आतलं लाकूड दिसायला लागलं. ड्रमरने चार बार वाढवून सांभाळून घेतलं, लोकांना कळलंही नसेल, पण माझे हात पुढची दोन गाणी थरथरत होते.

बेस माझ्या मामाचा आहे. मामा डोंबिवलीला असतो, ऑर्केस्ट्रात २५ एक वर्षं वाजवलं त्याने, बोटांना संधिवात झाला तेव्हा स्वतःहून बोलावून हा मला दिला. त्यामुळे "नवीन घे" हा सल्ला कृपया देऊ नका. पाच तारांचा आहे, बॅगा मोजायच्या काट्यावर टांगून बघितलं तर ४.४ किलो भरला. बटणं जुनीच आहेत, छोटी टोपी असलेली. पट्टा मी दोन वर्षांपूर्वी घेतलेला, टोकाला चामडं समजत होतो पण या पावसाळ्यात वरचा थर पापडासारखा सुटायला लागला म्हणजे रेक्झिनच असणार. भोकंही ढिली झालीयत.

आता घटस्थापनेला १२ दिवस आहेत आणि आमच्या बँडला यंदा गरब्याच्या ९ रात्री मिळाल्यात, रोज तीन-साडेतीन तास उभं राहून वाजवायचंय. जाणंयेणं ऐरोली ते ठाणे ट्रान्स हार्बरने, बेस पाठीवर बॅगेत. त्यामुळे पट्टा झटकन निघाला पाहिजे आणि झटकन लागला पाहिजे.

शॅलर आणि डनलॉप ही दोन नावं सगळीकडे दिसतात. माझ्या वापराला यातलं काय बरं? बेसला नवीन भोक पाडावं लागतं का, कारण ते मला अजिबात करायचं नाहीये. आणि ऑनलाइन त्याच दिसण्याचे अगदी स्वस्तातले सेट आहेत ते चालतील का? आई म्हणतेय पितृपक्षात नवीन वस्तू घेऊ नको, पण पितृपक्ष संपायची वाट बघितली तर डिलिव्हरी वेळेत येणार नाही.

खारघर_चार_तारा

पहिलं म्हणजे बेस वाचला हे बरं झालं, नेकवर पडला असता तर नेकच्या टोकाचा हेडस्टॉकच गेला असता कदाचित.

मी ११ वर्षं रबरी वॉशरवर वाजवतोय. काचेच्या त्या बाटल्या असतात बघ, तारेच्या क्लिपने बुच बंद होणाऱ्या, त्यांच्या बुचाला जाड रबरी चकती असते. आधी पट्टा बटणावर चढवायचा, मग वरून ती चकती ताणून बटणाच्या टोपीखाली बसवायची. पट्टा बाहेर यायला जागाच उरत नाही. ग्रोल्श नावाची डच बिअर आहे तिच्या बाटलीच्या लाल चकत्या गिटारवाल्यांनी यासाठी जगभर वापरल्यात, नंतर फेंडर या गिटार कंपनीने तशाच चकत्या स्ट्रॅप ब्लॉक म्हणून विकायला काढल्या. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात क्लिपच्या बाटल्या मिळतात, सुट्या चकत्याही मिळतात कधी कधी. भोक नको, स्क्रू नको, काही नको. उद्याच कर, बाकीचं नंतर ठरव.

कोपरखैरणे_रिपेअर

खर्ज, मी घरीच गिटार-बेसची दुरुस्तीची कामं करतो, १४ वर्षं झाली, आणि तुझ्या प्रश्नात एक गोष्ट राहिलीय जी मला शॅलर की डनलॉप यापेक्षा फार महत्त्वाची वाटते म्हणून ती आधी सांगतो.

लॉक काय करतं, तर पट्ट्याला बटणाशी बांधतं. पण बटणाला बेसशी कोण बांधतं? लाकडात पिळायचा एक स्क्रू, इंचभर लांबीचा. तुझे ४.४ किलो त्या दोन स्क्रूंवर टांगलेत आणि त्यातही हॉर्नवाल्या स्क्रूवर जास्त छळ होतो, कारण तू हललास, वळलास, उडी मारलीस की तो प्रत्येक वेळी बाजूला खेचला जातो, सरळ नाही. वर्षानुवर्षं असं झालं की भोकाचं तोंड लंबगोल होतं, आटे धरायला लाकूडच राहत नाही. माझ्याकडे लोक लॉक लावलेले बेस घेऊन आलेत ज्यात लॉक बंदच्या बंद आहे आणि अख्खं बटण स्क्रूसकट उपटून पट्ट्याला लटकतंय. लॉकने काम चोख केलं, लाकडाने सोडलं.

म्हणून आज घरी गेलास की पट्टा काढ, बटण दोन बोटांत धर आणि हलवून बघ. जरासुद्धा डुगडुगत असेल किंवा हाताने फिरत असेल तर ब्रँडचा विचार बाजूला ठेव आणि आधी स्क्रू काढून भोक बघ. स्क्रू शेवटपर्यंत घट्ट लागला पाहिजे, शेवटच्या फेऱ्यांना मनगटाला जोर यायला हवा. नुसता गोल गोल फिरत राहिला तर आटे गेलेत.

आता तुझ्या प्रश्नांकडे. नवीन भोक पाडावं लागत नाही, जुनं बटण निघतं आणि त्याच भोकात लॉकचं बटण लागतं. डनलॉपचाच एक फ्लश प्रकार आहे ज्यात बॉडीत मोठं भोक पाडून कप आत बसवतात, तो तू बघूच नकोस.

शॅलरचं असं आहे की पट्ट्याला जो भाग लागतो तो इंग्रजी यू अक्षरासारखा आहे, तो बटणाला खालून कवेत घेतो आणि वरून स्प्रिंगची पिन बटणाच्या मधल्या खड्ड्यात बसते. लावताना यूचं तोंड वर, तुझ्या खांद्याच्या दिशेला आलं पाहिजे, म्हणजे बटण त्या खोबणीत बसून राहतं आणि बेसच्या स्वतःच्या वजनाने अजून घट्ट बसतं. समजा पिन नीट लागली नाही तरी पट्टा ताणलेला आहे तोवर बेस लगेच सुटत नाही. उलटा लावलास तर सगळा भार एकट्या पिनवर. मी बऱ्याच जणांचे उलटे लावलेले बघितलेत. याचा कच्चा दुवा म्हणजे पट्ट्याच्या मागचा नट. जुन्या मॉडेलमध्ये पान्याने आवळायचा षटकोनी नट असतो आणि वाजवण्याच्या हादऱ्याने तो हळूहळू सैल पडू शकतो. नवीन आलंय एस-लॉक म्हणून, त्यात बोटाने फिरवायचं चाक आहे आणि ते जागेवर धरायला बाजूला बारीक अॅलन स्क्रू (षटकोनी खाचेचा) आहे. आज घ्यायचं असेल तर ते घे.

डनलॉपमध्ये पट्ट्याला एक पिन लागते, तिच्या टोकाला बारीक गोळ्या असतात ज्या बटणाच्या आत जाऊन फाकतात. मधलं बटण दाबलं की गोळ्या आत जातात आणि पट्टा निघतो. सुटसुटीत आहे, कुठल्याही दिशेने गोल फिरतं, यूची भानगड नाही. पण सगळा भरवसा त्या गोळ्यांवर, त्यामुळे स्वस्तातली नक्कल घ्यायची नाही म्हणजे नाही. नकलेत धातू हलका असतो आणि मापं सैल असतात, गोळी अर्धीच फाकते, आवाज टिक असा येतो आणि तुला वाटतं लागलं.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. सेटमध्ये जो स्क्रू येतो त्याचं डोकं बटणाच्या आत खोल बसेल असं असतं, कारण त्याच खड्ड्यात पिन जायची असते. तुझा जुना स्क्रू जाड डोक्याचा असेल आणि तोच वापरलास तर पिन पूर्ण आत जाणार नाही. पण सेटचा स्क्रू जुन्यापेक्षा बारीक निघाला तर जुन्या भोकात तो धरणार नाही. दोन्ही स्क्रू शेजारी ठेवून बघ, मग ठरव. आणि एका कंपनीचं बटण दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्याला चालत नाही हे लक्षात ठेव.

चार तारा, चकतीला माझा विरोध नाही, खरंच चांगला उपाय आहे. फक्त रबर उन्हातान्हात कडक होतं, कडेला चिरा पडतात, ते दर दोन-तीन महिन्यांनी वाकवून बघत जा. आणि तुझी अडचण अशी की खर्जला रोज पट्टा काढून बॅगेत भरायचाय, ती चकती रोज ताणून काढायची-घालायची म्हणजे फाटणारच.

पाचपाखाडी_बीट

मी ड्रमवाला आहे पण आमच्या बेसिस्टने काय केलंय सांगतो. लॉकबिक काही नाही, बटण काढलं, स्क्रूला रुंद वॉशर घातला आणि पट्ट्याच्या भोकातून सरळ बेसमध्ये पिळला. पट्टा कायमचा तिथेच. आमच्या इतक्या कार्यक्रमांत कधी सुटला नाही. एवढी माहिती कशाला लागते त्याला.

चरई_लो_बी

बीट दादा, ज्याची गाडी आहे, बेस हार्डकेसमध्ये ठेवून दारात उतरतो त्याला ते चालेल. ट्रेनने जाणाऱ्याच्या बॅगेत रोज तो पट्टा बेसवर दुमडून कोंबायचा, पट्ट्याची बकल फिनिशवर घासणार, आणि पट्टा खराब झाला की परत स्क्रू उघडायचा. स्क्रू जितक्या वेळा उघडाल तितकं भोक सैल होतं. खर्जला मी हे सुचवणार नाही. तसंच हवं असेल तर दिमार्झिओचा क्लिपलॉक पट्टा असतो, त्याची छोटी टोकं बेसला स्क्रूने कायम राहतात आणि मधला पट्टा शाळेच्या दप्तराला असते तसल्या क्लिपने निघतो. तो मी एका मित्राचा वापरलाय, चांगला आहे, पण टोकं लोंबत राहतात बॅगेत.

मी ठाण्यातच वाजवते, दोन बेस आहेत, दोन्हींवर डनलॉप, एकच पट्टा दोन्हींना. साडेसहा वर्षं झाली. माझी सवय सांगते, लावताना मधलं बटण दाबून आत घालायचं, सोडायचं, आणि मग पट्टा धरून जोरात बाहेर खेचायचा. खेचायचाच. दोन्ही टोकं. कितीही घाई असली, निवेदक नाव घेत असला तरी. आवाज ऐकून समाधान मानायचं नाही, स्टेजवर तबला, ढोलक चालू असताना टिक ऐकू येतच नाही.

दुसरं, जे दुकानात कोणी सांगत नाही. डनलॉपची पिन पट्ट्याच्या भोकातून घातली की मागून एक अर्धगोल क्लिप तिच्या खाचेत बसवायची असते, पक्कड लागते त्याला. पट्टा पातळ असेल तर ठीक. पण जाड चामड्याचा किंवा दोन थरांचा असेल तर चामडं फुगून खाच झाकली जाते आणि क्लिप खाचेत न बसता वरच्यावर टेकते. दिसायला लागल्यासारखी दिसते. मी चामडं भोकाभोवती पक्कडीने दाबून पातळ केलं, मग क्लिप बसली, आणि मग क्लिप नखाने गोल फिरवून बघितली, खाचेत असेल तर ती फिरते पण वर येत नाही.

पट्ट्याबद्दल तू फक्त एक ओळ लिहिलीस पण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. थर सुटणारं रेक्झिन आपल्याकडच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळेच काढतं, वरून थर सुटतो आणि आतलं कापड उरतं, आणि त्या कापडात तू लोखंडी लॉक अडकवणार. लॉक धरून ठेवेल, पट्टाच फाटेल. आधी पट्टा बदल, खरं चामडं बघून घे, कापलेल्या कडेला वास आणि रेषा दिसतात. माझ्या पट्ट्याची टोकं मी स्टेशनजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडून दुहेरी करून घेतली, काम १५ मिनिटांचं, त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं आणि अजून एक टाका हललेला नाही. भोकही त्यांच्याकडूनच पंचने पाडून घेतलं, कात्रीने पाडलेलं भोक तिथूनच चिरत जातं.

आणि पावसाळ्यात पट्टा बॅगेच्या खिशात ओला ठेवू नकोस, बुरशी धरते.

खर्ज_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

रिपेअर दादा, तुम्ही सांगितल्यावर लगेच बटण हलवून बघितलं. खालचं ठाम आहे. हॉर्नचं डुगडुगतंय. स्क्रू काढायला घेतला तर पेचकस लावायची गरजच पडली नाही, बोटाने फिरवत बाहेर आला आणि बरोबर भुसा आणि काड्यांचे तुकडे. आगकाडीच्या काड्या आहेत, काळ्या पडलेल्या. म्हणजे हे आधी कोणीतरी दुरुस्त केलेलं आहे.

मामाला फोन केला. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, अरे त्या मीच भरल्यात, गडकरी नाट्यगृहात कार्यक्रम होता, अर्ध्या तासावर पडदा, बटण हातात आलं, मेकअपवाल्याकडून काडेपेटी घेतली आणि काड्या भरून स्क्रू पिळला, मग परत कधी उघडायची वेळच आली नाही. म्हणजे बेस इतकी वर्षं त्या काड्यांवर लटकत होता. मी रविवारी पट्ट्याला दोष देत होतो, पण हे बटणसुद्धा या नवरात्रीत कधीतरी गेलंच असतं असं वाटतंय.

आता हे भोक कसं भरू? मी लाकूडकाम कधी केलेलं नाही. तुमच्याकडे घेऊन येऊ का की घरी जमेल? बॉडीचं लाकूड मऊ वाटतंय, मामा म्हणतो बासवुड आहे.

कोपरखैरणे_रिपेअर

मामांनी तेव्हा जे केलं ते अगदी बरोबर होतं, अर्ध्या तासात दुसरं काही करताच आलं नसतं. फक्त गोंदाशिवाय भरलेल्या काड्या म्हणजे पाचर, त्या चेपत गेल्या की संपलं.

बासवुड म्हणजे लिंडनचं लाकूड, बेसशी नावापुरतंही नातं नाही, आणि ते खरंच मऊ असतं, नख दाबलं तर उमटतं. म्हणूनच त्यात स्क्रूचे आटे लवकर जातात. पण दुरुस्ती सोपी आहे, घरी जमेल, घाई करायची नाही एवढंच.

भोकातले सगळे जुने तुकडे सुईने, टाचणीने उकरून काढ, फुंकर मार. आता दोन रस्ते. थोडंच सैल असतं तर मी टूथपिक आणि पांढरा फेव्हिकॉल सांगितलं असतं. आगकाडी वापरायची झाली तर लाकडाचीच घे, मेणकाडी नको, मेणाला गोंद धरत नाही. पण तुझं भोक लंबगोल झालेलं असणार, शिवाय ९ रात्रींचा प्रश्न आहे, त्यामुळे मी सरळ लाकडी खुंटी बसवायला सांगेन. जांभळी नाक्याच्या बाजूला हार्डवेअरवाल्यांकडे फर्निचर जोडायच्या गोल खुंट्या मिळतात, ६ मिलिमीटरची घे, सागाची किंवा बीचची, कडक लाकूड हवं. बटणाच्या टोपीखाली ती झाकली जाते त्यामुळे बाहेरून काही दिसणार नाही, तू नवीन भोक नको म्हणालास ते मला आठवतंय, हे जुनंच भोक थोडं मोठं आणि गोल होतंय.

ड्रिलच्या ६ मिलिमीटरच्या बिटला खोलीच्या जागी चिकटपट्टी गुंडाळ म्हणजे जास्त आत जाणार नाही. आधी ४ चा, मग ६ चा, एकदम मोठा बिट घातला तर कडेचा रंग उडतो. बिट सरळ धर, भोकाभोवती पण चिकटपट्टी लाव. फेव्हिकॉल भोकात आणि खुंटीला दोन्हीकडे लाव, हलक्या हाताने ठोक, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुस. मग हात लावायचा नाही. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, या हवेत मी दीड-दोन दिवस ठेवतो. वाळल्यावर वरचा भाग धारदार पटाशीने बॉडीशी सपाट कर.

मग स्क्रूसाठी नवीन बारीक भोक. आटे सोडून स्क्रूचा मधला दांडा जेवढा जाड तेवढाच बिट, दोन्ही डोळ्यांसमोर धरून जुळव, बिटच्या मागे फक्त आटे बाहेर दिसले पाहिजेत. स्क्रूला मेणबत्ती घास, कडक लाकडात तो सहज जातो आणि डोकं पिळवटत नाही. हाताच्या पेचकसनेच लाव, मशीन नको. बटण आणि बॉडीच्या मध्ये फेल्टची चकती घाल.

आणि खालचं बटण ठाम आहे ना, त्या भोकात नवा स्क्रू घालताना आधी उलटा फिरव, हळू, एका जागी तो टक असा खाली बसल्याचं जाणवेल, तिथून सुलटा फिरव. म्हणजे जुन्याच आट्यांत जातो, नवीन आटे कापत नाही. हे लाकडात जाणाऱ्या जगातल्या प्रत्येक स्क्रूला लागू आहे, माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी शिकवलेलं.

भीती वाटत असेल तर ये घेऊन, कोपरखैरणे स्टेशनपासून चालत आहे, निरोप टाक. पण मला वाटतं मामाचा बेस आहे तर तूच कर.

खारघर_चार_तारा

हे वाचून मी माझी बटणं हलवून बघितली. एक फिरतंय. ११ वर्षांत स्क्रूकडे बघितलंच नव्हतं. रिपेअर, मीही निरोप टाकतोय.

चरई_लो_बी

खर्ज, खुंटी वाळत असताना त्या दोन दिवसांत बसून सराव कर, उभं राहायचा मोह नको. आणि मामांना आईशी बोलायला सांग, पितृपक्षात दुरुस्ती करायला कोणाची हरकत नसते.

खर्ज_ऐरोली

ताई, आईने कालच स्वतःहून सांगितलं की ही दुरुस्तीच आहे, मागव. एस-लॉक मागवले. दोन कारणं. एक, यू बटणाला धरून बसलेला मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो, अंधाऱ्या स्टेजमागे बोटाने चाचपूनही कळतो. दुसरं, पट्टा मी खऱ्या चामड्याचा घेतलाय आणि टोकं दुहेरी शिवून घेतलीत, त्यामुळे तुम्ही म्हणालात ती डनलॉपच्या क्लिपची अडचण मला आलीच असती. फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात धोबीतलावला जाऊन बघणार होतो पण सुट्टी मिळाली नाही, शेवटी ऑनलाइन.

खुंटी बसवली. ६ चा बिट फिरवताना श्वास रोखून धरला होता, मामाला व्हिडिओ कॉलवर ठेवलं होतं, तो सारखा सरळ धर सरळ धर म्हणत होता. दोन दिवस वाळवली. स्क्रू लावताना शेवटच्या फेऱ्यांना मनगट दुखलं, तेव्हा बरं वाटलं.

एक शंका, चाकाचा तो बारीक अॅलन स्क्रू घट्ट केलाय, तरी अजून काही लावू का? मित्र म्हणतोय लाल लॉकटाइट (स्क्रू सैल पडू नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) टाक.

कोपरखैरणे_रिपेअर

लाल अजिबात नको, ते गरम केल्याशिवाय उघडत नाही, पट्टा बदलायच्या वेळी रडशील. लावायचंच तर निळं, थेंबभर, ते हाताच्या अवजाराने उघडतं. खरं सांगू तर नेलपॉलिश घे आणि चाकावरून खाली चामड्यापर्यंत एक सरळ रेघ मार. चाक केसभर जरी हललं तरी रेघ तुटलेली दिसते. रोज वाजवायच्या आधी रेघ बघायची, दोन सेकंदांचं काम. आणि लॉकमधून करकर आवाज यायला लागला तर बटणाला किंचित व्हॅसलीन, जास्त नको, धूळ धरते.

केबल पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये घालतोस ना? गरब्यात कोणाचा पाय अडकला तर झटका जॅकला बसत नाही, पट्ट्याला बसतो.

खर्ज_ऐरोली

आज पाचवी माळ. चार रात्री झाल्या. दुसऱ्या रात्री पाऊस आला, स्टेजवर ताडपत्री ओढेपर्यंत आम्ही वाजवतच होतो, मी पेडल झाकायला दोनदा पूर्ण खाली बसलो आणि उठलो, बेस जागेवर. हॉर्नचं बटण रोज हलवून बघतोय, हलत नाही. केबल ओवतोय. यायला-जायला पट्टा काढून घडी करून बॅगेच्या खिशात, घरी आल्यावर बाहेर टांगतो. काल रात्री ठाण्याला शेवटची गाडी पकडताना बॅग एवढी हलकी वाटली.

रेघ आईच्या लाल नेलपॉलिशने मारली, दोन्ही चाकांना. अजून जुळलेली आहे.

मामा अष्टमीला ऐकायला येतोय. त्याची जुनी दोन बटणं, स्क्रू आणि त्या काळ्या पडलेल्या काड्या मी एका डबीत ठेवल्यात, त्याने मागितल्यात.